पडद्यावरचं तोरण

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या छोट्या कंपनीत सी भाषेत प्रोग्राम लिहिणारी मी एकटीच मुलगी. घाटकोपरच्या एका ट्रान्सपोर्टवाल्यासाठी मी पार्सलांची लिंक्ड लिस्ट केली होती. एकेक नोंद मेमरीत कुठेही पडलेली असो, पुढची कुठे आहे तो पत्ता, म्हणजे पॉइंटर, तिच्याजवळ. या साखळीचा मला भारी अभिमान. आमचे सीनियर मात्र म्हणायचे, "हे पॉइंटरचं लफडं तुला झेपायचं नाही गं. डेमो फसला तर तू सरळ डेटा एंट्रीला."

ट्रान्सपोर्टवाल्यासमोरचा डेमो दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होता. दसऱ्याला सकाळी पूजेपुरते सगळे ऑफिसात जमलो. शेजारी बसणाऱ्या मित्राने हौसेने मशीनमध्ये एक प्रोग्राम टाकला होता: मशीन सुरू केलं की पडद्यावर वरच्या बाजूला झेंडूचं तोरण, आणि ते दिवसभर तिथेच. मशीनला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. मग मी फ्लॉपीवरची साखळी उघडली, तर पहिल्या पार्सलानंतर नुसता कचरा! आणि उद्याच डेमो.

"तोरण काढतो, थांब," मित्र म्हणाला. काढलं, तर सगळं सुरळीत.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तोरणाने मेमरीत जागा अडवली की माझा प्रोग्राम मेमरीत पुढच्या जागी सरकत होता. मी शहाणीने नोंदींबरोबर त्यांचे मेमरीतले पत्तेही फ्लॉपीवर उतरवले होते. रोज सगळं त्याच जागी बसायचं, म्हणून जुने पत्ते जुळत होते. बिऱ्हाड हललं की जुन्या पत्त्यावर कोण भेटणार?

"चाललं ना? मग सोड ना यार," मित्र म्हणाला.

"लाव परत तोरण. त्या ट्रान्सपोर्टवाल्याच्या मशीनवर काय काय असेल, तुला ठाऊक आहे?"

पत्ते फ्लॉपीवर लिहायचेच नाहीत. नोंदी ओळीने वाचायच्या, प्रत्येकीला नवी जागा द्यायची, कडी नव्याने जोडायची. प्रसादाचा पेढा टेबलावर तसाच राहिला, पण संध्याकाळच्या आत काम झालं.

दुसऱ्या दिवशी सीनियर हाताची घडी घालून मागे उभे. पडद्यावर वर तोरण, खाली पार्सलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ट्रान्सपोर्टवाल्याने मधलंच एक काढायला लावलं, मधेच एक घालायला लावलं. कुठे कडी तुटली नाही. "झकास!" तो म्हणाला. मला उड्या माराव्याशा वाटल्या.

आदल्या दिवशी रागारागात मी सीनियरांना सोनं दिलंच नव्हतं. खरं तर लहानांनी मोठ्यांना द्यायचं, आणि वाकायचं. पाहुणा गेल्यावर त्यांनीच खिशातून आपट्याचं पान काढून माझ्या कीबोर्डवर ठेवलं.

मी पान घेतलं. वाकले मात्र नाही.