पक आला की सई कुणाकडे बघते?

कॅल्गरीतल्या आइस हॉकीवाल्या आई-बाबांनो, मला संशयी म्हणा हवं तर, पण कुठेतरी पाणी मुरतंय.

आज सकाळी आमच्या दहा वर्षांच्या सईची मॅच होती. या सीझनला नवीन कोच आलाय आणि टीम सारखी जिंकतेय, त्यामुळे सगळे पालक खूश. हा माणूस बेंचवरून अखंड ओरडत असतो, "पास! शूट! बॅक!" आणि मुली रिमोटवर चालल्यासारख्या खेळतात.

आज मी स्कोअर सोडून फक्त सईकडे बघत बसले. स्टिकशी पक, ती काळी रबरी चकती, आला की ती आधी बेंचकडे बघते, मगच पास देते. एकदा तर समोर गोल अगदी मोकळा होता, पण कोच नेमका रेफरीवर ओरडत होता. सई थांबली. त्याच्याकडे बघत राहिली आणि पक गेला.

शेजारी बसलेल्या हरप्रीतला, टीममधल्याच एका मुलीच्या आईला, हे सांगितलं तर ती हसली. "अरे यार, टीम जीत रही है ना?"

जिंकतेय ना! पण खेळतंय कोण, सई की कोच?

घरी येताना ड्राइव्ह-थ्रूला गाडी थांबवली. विचारलं, "सई, काय घेऊ? हॉट चॉकलेट की डोनट?"

तिने आधी माझा चेहरा नीट वाचला. मग हळूच म्हणाली, "विच वन इज राइट, आई?"

खरं सांगा, पक आला की तुमची मुलं कुणाकडे बघतात?