चेनमिस्त्रींच्या चुलीवरचा देव

चेनमिस्त्री गेल्याचं मला संत तुकाराम नगरच्या बसथांब्यावर कळलं. फाउंड्रीतला एक जुना मोल्डर म्हणाला, "तुझा चिनी मिस्त्री गेला की राव परवा," आणि आलेल्या बसमध्ये चढून गेला. मी तसाच उभा. सगळ्यात आधी मनात आलं ते दुःख नव्हतं, हे कबूल करतो... सुटलो, असं वाटलं. माझी ती गोष्ट पुरती ठाऊक असलेला माणूस आता उरला नव्हता.

मिस्त्री मूळचे कलकत्त्याचे. आमच्या फाउंड्रीत ओतकामाचे लाकडी नमुने करायचे. मी टाइम ऑफिसात कारकून. हजेरीपेक्षा चकाट्यांत पटाईत. चिंचवडगावातल्या त्यांच्या एका खोलीत मी पोटासाठी घुसलो, हेही खरंच. भाद्रपदाच्या पौर्णिमेला ते हरभऱ्याचं पुरण भरून चंद्रासारखे गोल केक भाजत. वर उठणारी नक्षी स्वतः कोरलेल्या लाकडी साच्याची. नवीन वर्षाला तांदळाच्या पिठीचा गुळाचा केक तासन्‌तास वाफवत. परवा-परवा स्टेशनबाहेर 'चायनीज'ची गाडी लागली, तेव्हा मी त्यांना कौतुकाने घेऊन गेलो. तो लालभडक भात चाखून त्यांनी शांतपणे विचारलं, "हे कुठल्या गावचं?"

बासष्टची लढाई झाली आणि खोलीची खिडकी बंद झाली. आसामातल्या त्यांच्या भावाला बायकापोरांसकट उचलून राजस्थानातल्या छावणीत नेलं होतं. मिस्त्रींना दर आठवड्याला चौकीत हजेरी, गावाची हद्द ओलांडायची तर परवानगी. बाहेर पावलं वाजली की त्यांच्या बायकोच्या, मेईवहिनींच्या, हातातला झारा हवेतच थांबे. कामावर पूर्वी त्यांचा डबा हिसकावून खाणारे आता त्यांच्या बाकापासून लांब बसत.

त्याच हिवाळ्यात, संक्रांतीनंतर तीन-चार दिवसांनी, मी तिळगूळ घेऊन गेलो. मिस्त्री खूश झाले. म्हणाले, नेमका आजच हवा होता. त्यांच्यात चुलीच्या वर कागदावरचा एक देव असतो. वर्षभर घरातलं सगळं बघतो आणि वर्ष सरताना स्वर्गात जाऊन सांगतो. म्हणून जायच्या आधी त्याच्या तोंडाला तिळाचं चिकट गोड लावायचं, म्हणजे एकतर तोंड चिकटेल, नाहीतर गोड तरी बोलेल. मग कागद जाळायचा, की देव धुरातून वर; नव्या वर्षाला चुलीवर नवा कागद. एरवी कलकत्त्याहून येणारी मिठाई यंदा आली नव्हती. त्यांनी माझाच तिळगूळ चुरून देवाच्या ओठांना फासला आणि मागल्या अंगणात घमेल्यात तो एक कागद जाळला. जाताना म्हणाले, "भाऊ, कुणाला सांगू नका." मी छातीवर हात ठेवून हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये सांगितलं. नुसतं नाही, साभिनय. मिस्त्री खाली बसतात कसे, इकडेतिकडे बघतात कसे... एका कागदाने कुणी हसेना, म्हणून मी गठ्ठा केला. चिनी अक्षरांचा, एवढा जाड. टेबल हसलं. कोपऱ्यातला एकजण तेवढा हसला नाही.

तिसऱ्या दिवशी दोन हवालदार टाइम ऑफिसात आले आणि त्यांनी माझ्याकडेच मिस्त्रींचं कार्ड मागितलं. मी काढून दिलं. मिस्त्री भुसा झटकत त्यांच्यामागे निघाले. माझ्याकडे पाहिलंही नाही. मी घरी जाऊन पडलो. भीती त्यांच्यासाठी होती म्हणावं तर खोटं होईल. मीही त्या अंगणात उभा होतो. उद्या माझंही कार्ड कुणी काढलं तर?

दोन दिवस तापाचं सोंग केलं. मग मेईवहिनी दारात आल्या. एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, छावणीत पाठवणार म्हणतात. तुम्ही तर होता ना तिथे."

मी चौकीत गेलो. साहेबांनी विचारलं, कागद किती? म्हटलं, एक. मग गठ्ठा कुठून आला? म्हटलं, माझ्या तोंडातून. का? "लोक हसावेत म्हणून, साहेब." त्यांनी मला संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून तेच पुन्हापुन्हा विचारलं आणि जबाबावर सही घेतली. आठवड्याने मिस्त्री सुटले. मी जाऊन कबुली द्यायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. "तुम्ही हसायला बोलले. ऐकणारा हसला नाय." आणि माझ्यापुढे ताट सरकवलं. पुढं एकोणीस वर्षं त्या ताटावर बसलो, पण घास कधी सुखाने उतरला नाही.

ते गेल्याचं कळल्यावर वहिनींना भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी मला चुलीपाशी नेलं. भिंतीवर देवाचा कागद. त्याखाली आणखी एक, त्याखाली आणखी... कडा तेलकट, तळातले पिवळे पडलेले. त्या दिवसानंतर मिस्त्रींनी एकही देव जाळला नव्हता. धूर कुणाला दिसेल म्हणून. दर वर्षी ते सुताराच्या पेन्सिलीने नवा काढत, ओठांना गोड लावत आणि जुन्यावरच चिकटवत. एकोणीस देव त्या चुलीवर अडकून पडलेले.

वहिनी म्हणाल्या, "आमच्यात हे बाईने करायचं नसतं, भाऊजी. तुम्ही सोडा त्यांना."

मी ते कागद सुरीने हलकेच सोडवले. वहिनींनी घमेलं आणलं. भर दुपार, अंगणात ऊन. शेजारच्या बाई वाळवण उलथत होत्या, त्यांनी सहज मान वर करून पाहिलं...

मी घमेलं उचलून आत आणलं, दाराला कडी घातली, आणि मग काडी ओढली.