दशरथचा डावा पाय

भांडुपच्या चढावर दशरथ परबचं गॅरेज आहे. क्लच बदलला की डावी चप्पल काढायची, अनवाणी पायाने पेडल दाबून बघायचं, मगच किल्ली मालकाला द्यायची, हा त्याचा तीस वर्षांचा नेम. डिझेल इंजिनाच्या धडधडीत बेअरिंगची खरखर कानाला कळत नाही, तळपायाला कळते. गिरणी बंद पडलेल्या बापाच्या या पोराने नाव कमावलं ते त्याच पायावर.

गेल्या सहा महिन्यांत रक्तातल्या साखरेने तो पाय बधिर केला. डॉक्टरने अनवाणी फिरायचं नाही म्हणून बजावलं. दशरथने हे कुणालाच सांगितलं नाही. कळलं तर गॅरेजकडे कुत्रंही फिरकणार नाही, ही धास्ती होती.

आज समोर शेवंतीची जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप होती. माहुलची ही कोळीण जीपला दोर बांधून होडी चढावर ओढते आणि तिचा नवरा खंडू मागून खांदा लावतो. क्लचने मध्येच दगा दिला तर होडी थेट त्याच्या अंगावर येणार. आजची भरती चारची होती, होडी तेव्हाच ओढायची होती.

नवा क्लच बसला, गिअरबॉक्स वर चढला. दशरथने चप्पल काढून पेडल दाबलं. काही कळेना. पुन्हा दाबलं. तरी नाही.

"झकास," तो म्हणाला, आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

शेवंती सीटवर बसली नि खाली वाकली. "दशरथ, ह्ये रगत कोनाचं?"

त्याच्या चवड्यात लोखंडाचा तुकडा रुतला होता. त्याला पत्ताही नव्हता.

काहीतरी थाप मारता आली असती. पण खंडू डोळ्यांसमोरून हलेना.

"पाय मेलो माझो," तो म्हणाला. "तुझो ठेव, बाय. दाबून सांग, कसा लागता."

तिने चप्पल काढून पेडल दाबलं. "मुंग्या येतान तसं."

"मग बेअरिंग खराब आसा. आजची भरती सोड."

ती चिडली नाही. फडकं घेऊन आधी त्याचा पाय आवळून बांधला.

गिअरबॉक्स पुन्हा खाली आला. नवंकोरं बेअरिंग बोटांत अडकत फिरत होतं. हातांना तरी अजून कळत होतं. त्याने दुसरं बसवलं आणि शेवंतीलाच पेडलवर बसवलं.

"आता शांत हाय," ती म्हणाली. मग जीप सुरू ठेवूनच बोलली, "पुढच्या गाडीला मला बोलव. माहुल काय लांब नाय."

दशरथने खाली बघत चप्पल घातली. ती पायात गेली की नाही, हे त्याला डोळ्यांनी बघावं लागलं.