वळण मी घेतलं नाही

२०२३ सालचा जानेवारी. माझं वय तेव्हा एकाहत्तर. शाळा चौथीपर्यंत, त्यामुळे लिहिण्यात चुका सापडतील. ड्रायव्हिंगमध्ये सापडणार नाहीत, असं मी त्या दिवसापर्यंत म्हणत होतो. भूत, देवचार, चकवा... पन्नास वर्षं रानातून गाडी हाकली, मला एकही भेटला नाही. ज्यांना भेटला ते कुठल्या गुत्त्यातून उठून येत होते, ते मला ठाऊक आहे.

मालवण तालुक्यात, आमच्या वाडीच्या वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आमची हापूसची चाळीस कलमं आहेत. थंडीत मोहर आला की तुडतुडा ही कीड लागते, दोन दिवसांत फवारणी उरकावी लागते. वर पाणी नाही. फोर-व्हील-ड्राईव्ह जीपमध्ये टाकी भरून घाटीच्या कच्च्या वाटेनं चढवायची, रिकामी झाली की खाली विहिरीवर यायचं.

त्या वर्षी दिगंबरनं, म्हणजे माझ्या मुलानं, जीपला पुढचा डिफरन्शियल लॉक बसवून घेतला. बटण दाबलं की पुढची दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात. सुट्या दगडांवर एक चाक नुसतं फिरलं तरी दुसरं ओढतं. पण स्टिअरिंग जड होतं.

"बाबानू, चढताना लॉक लावा, उतरताना आठवणीन काढा. ऱ्हवलो तर गाडी वळाची नाय, सरळ जातली. एकदा जरी इसारलास तर तुमचा चालवणा बंद."

"माका शिकवू नको," मी म्हटलं.

त्या दिवशी पहिल्या खेपेची फवारणी ठीक झाली. नऊच्या सुमारास रिकामी टाकी घेऊन उतरत होतो. बाजूला माझी बायको सुशीला, मांडीवर पाईपाचं वेटोळं. चढताना टाकी डचमळून वाटेवर पाणी सांडलं होतं, तांबडी माती मऊ झाली होती. मधे उजवीकडे वळण आहे; सरळ गेलं तर वीस फूट खाली व्हाळ, म्हणजे ओढा.

मी स्टिअरिंग फिरवलं. गाडी सरळच.

"असां सरळ खंय चाललास? व्हाळात पेज ठेयलीत काय?" सुशीला म्हणाली, आणि मग तिनं डोळे मिटून घेतले.

ब्रेक दाबला, चाकं घसरत राहिली. गाडी थोडी हलली, पाय ठेवल्यावर होडी हलते तशी. बस्स. आणि गाडी वळणाच्या पुढे, वाटेवर उभी!

"वळवलास एकदाचे," ती म्हणाली.

टायर बघतो म्हणून मी उतरलो. उतरताना दिसलं – लॉकचा लाल दिवा पेटलेला होता. मी लॉक काढलाच नव्हता.

मागे जाऊन बघितलं. चाकांचे माग सरळ कडेपर्यंत गेले होते, वीतभर जागा उरली होती. तिथे ते संपले. तिथून चार हात उजवीकडे पुन्हा सुरू झाले, चारही चाकांचे, वळणाच्या दिशेनं. मधली माती कोरी. सकाळी टाकीतून पडलेल्या पाण्याचे ठिपकेसुद्धा जसेच्या तसे. मी दोनदा वाकून बघितलं.

कंबर धरली असं सांगून त्या दिवशी दुसरी खेप केली नाही. घरी सुशीला दिगंबरला सांगत होती, "गाडी गेलीच होती रे. पण हेंचो हात बसलेलो. बरोबर वळवल्यानी."

दिगंबर माझ्याकडे बघून म्हणाला, "मानला बाबानू."

मी जेवत होतो.  बोललो असतो तर लॉक राहिला होता हे सांगावं लागलं असतं. नाही बोललो तर ते वळण माझ्या नावावर... जे मी घेतलंच नव्हतं. रात्रभर तेच.

पुढे कधीतरी मेकॅनिकला विचारलं, दोन जाणत्या ड्रायव्हरना विचारलं. लॉक असताना गाडी तिथे वळणार नाही, असं तिघेही म्हणाले.  

त्या रात्रीनंतर, दुसऱ्या दिवशी सकाळी दिगंबरला सोबत घेतलं, गाडी वळणाच्या अलीकडे थांबवली आणि त्याला माग दाखवले. तो उकिडवा बसला आणि त्यानं मधली कोरी माती चाचपून बघितली.

"लॉक होतो?"

"होतो. इसारलंय."

तो आणखी काही विचारायच्या आत मी किल्ली त्याच्या हातात ठेवली आणि जाऊन डाव्या, सुशीलाच्या सीटवर बसलो. उरलेली कलमं फवारायची होती.