गुडघ्यामागची जागा

यजमान गेल्यानंतरही मी रोज प्रार्थना करत होते, पण ती ऐकणारं कुणी आहे असं वाटेनासं झालं होतं. जामखेड तालुक्यातल्या एका लहान गावात मी शिक्षिका होते. त्र्याहत्तरचा उन्हाळा होता. दुष्काळामुळे आमच्या ख्रिस्ती वस्तीतली घरं एकेक करून पुण्या-मुंबईकडे निघून गेली होती. रविवारी उपासनेला जमायचं तर कुणाबरोबर? मी एकटीच दार लोटून गीत म्हणायचे आणि माझाच आवाज ऐकून मध्येच थांबायचे.

त्यातच कंबर धरली. कमरेतून उठलेली कळ डाव्या मांडीच्या मागून थेट टाचेपर्यंत उतरायची. टँकर आला की हंडा उचलायला वाकायचे आणि तिथंच अडकून राहायचे. शीर दबलीय, विश्रांती घ्या, असं नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण मी पडून राहिले तर पाणी कोण भरणार? मुंबईचा भाऊ म्हणत होता, नोकरी सोड आणि इकडे ये. त्याच्या एका खोलीत आधीच माणसं मावत नव्हती. तरी मी मनाशी ठरवलं, उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची, उपासना नगरला करायची, यजमानांच्या कबरीपाशी जाऊन यायचं आणि मग शाळेत राजीनामा द्यायचा.

सकाळीच फाट्यावर येऊन बसले. नगरची गाडी काही येईना. ऊन चढलं, तसे थांबलेले लोक मिळेल त्या ट्रकने निघून गेले. मला ट्रकवर चढणं शक्यच नव्हतं. पत्र्याच्या शेडमध्ये मी एकटी उरले. थोड्या वेळाने उठायला गेले आणि कमरेतून अशी कळ गेली, की मी खालीच कोसळले. कूस बदलता येईना. ज्या दिवशी प्रभूला सगळे सोडून गेले, त्याच दिवशी मी अशी पडले होते. त्यालाच म्हटलं, ‘तूसुद्धा नाहीस ना?’

तेवढ्यात नगरकडून आलेल्या एका गाडीतून खर्ड्याकडे जाणारी एक म्हातारी बाई गाडी बदलायला त्याच फाट्यावर उतरली. नऊवारी लुगडं, रिकामं कपाळ, हातात पिशवी. ती माझ्याजवळ येऊन उकिडवी बसली.

“कळ कमरेतनं निघती का? खाली पायात जाती?”

मी मान हलवली. तिने पिशवीतली चादर अंथरली, मला धरून हळूच पालथं केलं आणि पाय किंचित दुमडून आपल्या मांडीवर घेतला. मी संकोचून पाय ओढू लागले.

“हितं कोन हाय बघायला?” ती म्हणाली. “अंग सोडा, बाई. लई धरून ठिवलंय तुमी.”

गुडघ्याच्या मागे, जिथे घडी पडते तिथे मधोमध तिने अंगठा टेकवला आणि हळूहळू भार दिला. आधी जीव कळवळला. “श्वास सोडा,” ती म्हणत राहिली. ती थोडं दाबायची, सोडायची, पुन्हा दाबायची. कितीतरी काळात मला कुणी हात लावला नव्हता, हे मला तेव्हा उमगलं. मला रडू फुटलं. तिने थांबवलं नाही. त्या रडण्यातच कधीतरी कमरेची गाठ सैल पडली.

उठून बसल्यावर मी विचारलं, “हे कुठं शिकलात?”

“आमचे हवालदार जपानच्या लढाईत सिंगापूरला कैदी हुते. तितं एका चिनी वैद्यानं त्यांना ह्याच जागी सुई टोचली हुती. घरी आल्यावर मी रानातनं वाकून आले, की ते मला असं बोटानं दाबायचे.” तिने आपला गुडघा चोळला. “आता त्ये न्हाईत. दाबाया कोनी न्हाई.”

“मी दाबू?” मी विचारलं.

तिने लुगडं सावरलं. मग पाय पुढे केला. जागा चुकली तेव्हा तिने माझा अंगठा धरून नेमका बसवला. ऊन तापलेलं, रस्ता सुना, आणि मी तिच्यासारखंच दाबत, सोडत राहिले.

खर्ड्याची गाडी आली. ती घाईने चढली, खिडकीतून हात हलवला आणि धुरळ्यात गाडी दिसेनाशी झाली. नगरची उपासना एव्हाना संपत आली असेल. मी शेडमध्येच डोळे मिटले. मागण्यासारखं काही सुचलं नाही, पण या वेळी तिथे मी एकटी नव्हते.

दुखणं समूळ गेलं नाही. आजही थंडीत डोकं वर काढतं. मग मी बसून दोन्ही हातांची बोटं गुडघ्यामागे नेते आणि श्वास सोडते. राजीनामा मात्र दिला नाही. पाण्याला शेजारणीला हाक मारायला शिकले. ती येते, कधी बसते, कधी नाही. घर अजून रिकामंच आहे. सगळं मीच पेललं पाहिजे हा हट्ट तेवढा गेला. पुढे पेपरात चिनी सुयांच्या उपचाराबद्दल वाचलं, चित्रात ठिपका त्याच जागी होता. बरं वाटलं, पण मला ते कुणाला पटवून द्यायचं नव्हतं.

त्या बाईंचं नाव मी विचारलंच नाही. प्रार्थनेत मी ‘खर्ड्याच्या गाडीतल्या बाई’ एवढंच म्हणते. ज्याला सांगते, त्याला ते पुरतं.