पप्पांचा माउस

पप्पांच्या माउसच्या रबराला अजून बामाचा वास येतो. त्या वासासरशी अंधेरीतलं ते कॉम्प्युटरचं दुकान आठवतं. पप्पा साकीनाक्याच्या एका युनिटमध्ये कॉम्प्युटरवर मशीनच्या भागांची ड्रॉइंग्ज करायचे आणि त्यांच्या उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या होत्या. हात सुधारला नाही तर काम जाणार होतं, म्हणून डॉक्टरांनी सुचवलेला उभा माउस घ्यायला आम्ही दोघं गेलो होतो. “काका, शेकहॅण्ड करतो ना, तसा पकडा,” दुकानदार म्हणाला. पप्पांनी पकडला आणि भर दुकानात मोठ्याने मालवणीत मला विचारलं, “माका बोटांक कायच कळना नाय. तूच बघ गो, हात बरोबर बसलो काय?” बाजूला हेडफोन बघणाऱ्या दोन मुली हसल्या. मी मान खाली घालून घाईघाईत म्हटलं, “इट्स फाइन, पप्पा.” खरं तर मी बघितलंच नव्हतं. घरी आल्यावर दिसलं, माउस त्यांना लहान होत होता आणि करंगळी बाहेर राहून टेबलावर घासत होती. “बदलून आणूया,” मी म्हटलं, तर म्हणाले, “कित्याक? तू बघलंस मा.” बघितलं नव्हतं, हे तेव्हाही मला सांगता आलं नाही. काही महिन्यांत त्यांचं काम सुटलं. आता तेही नाहीत. आज माझा माउस बिघडला म्हणून त्यांचा पहिल्यांदाच हातात घेतला, तर माझी पाचही बोटं त्यावर अगदी नीट बसली.