कुसुमच्या गळ्यातली सुपारीएवढी गाठ

परवा सोमवारी कुसुमला घेऊन अलिबागेस डॉक्टरांकडे गेलो होतो. रेवदंड्याहून आता सर्व्हिस मोटार सुरू झालीय, त्यामुळे बैलगाडीतले हाल नाहीत. पण त्या दिवशी बैलगाडीच बरी होती असं वाटत होतं... तेवढंच उशिरा पोचलो असतो.

कुसुम माझी थोरली, नऊ वर्षांची. अडीच महिन्यांपूर्वी वेणी घालताना तिच्या आईला तिच्या गळ्यावर, अगदी मधोमध, सुपारीएवढी गाठ दिसली. वैद्यबुवांनी चाचपून "गंडमाळ असावी" म्हटलं. माझा मोठा भाऊ असाच गंडमाळेपासून सुरुवात होऊन क्षयानं गेला. सतरा वर्षांचा होता.

मी शाळामास्तर, शिस्तीचा माणूस. एकदा ठरलं की ठरलं. कुसुमचं ताटवाटी वेगळं, अंथरूण पडवीत, शाळा बंद, आणि दोघा धाकट्या भावांनी तिच्या जवळ फिरकायचं नाही. पोरगी कांचनाराच्या सालीचा काढा नाक दाबून प्यायची आणि वाटी आपली आपण धुऊन ठेवायची.

दवाखान्याच्या ओट्यावर ही गर्दी. शेजारी एक आगरी बाई खोकणाऱ्या नवऱ्याला घेऊन बसली होती. कुठले, काय करता, पोरीला काय झालं, सगळं विचारून झाल्यावर म्हणाली, "डाक्टर चांगला हाय, मास्तर. उगा घाबरवत न्हाय."

मी मान हलवली. घाबरायला मला डॉक्टर कशाला लागतो...

डॉक्टर म्हातारे, मोजकं बोलणारे. त्यांनी गळा दोन्ही बाजूंनी चाचपला, ताप-खोकला विचारला, वेगळं ताट आणि पडवीतलं अंथरूण माझ्याकडून ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाळ, जीभ बाहेर काढ बघू. चांगली लांब."

कुसुमनं ओठ घट्ट मिटून घेतले. त्यांनी पुन्हा सांगितलं, तरी तेच. मी ओशाळून गेलो, मास्तराची पोर आणि एवढंही ऐकत नाही... तेवढ्यात ती हळूच म्हणाली, "अण्णा मारतील."

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मला आधी काही उलगडेना. मग आठवलं. चार महिन्यांपूर्वी, श्रावणात, दिपोटीसाहेब शाळा तपासायला येणार त्याच्या आदल्या दिवशी, ही पोर चार मुलींच्या घोळक्यात जीभ बाहेर काढून उभी होती आणि मुली खिदळत होत्या. मी काही न विचारता हातावर दोन छड्या दिल्या. पुन्हा जीभ बाहेर दिसली तर याद राख, असंही बजावलं होतं.

"काढ, बाळ," मी म्हटलं.

तिनं जीभ काढली, आणि गळ्यावरची ती गाठ टुणकन वर गेली. जीभ आत घेतली तशी गाठ खाली. डॉक्टरांनी तीनदा करायला लावलं आणि तिसऱ्यांदा ते चक्क हसले.

"मास्तर, ही गंडमाळ नव्हे. क्षयाचा इथे काही संबंध नाही."

मग आहे तरी काय, मी विचारलं. त्यांनी एक कागद ओढून त्यावर चित्र काढलं. आपल्या गळ्यात थायरॉइड नावाची एक ग्रंथी असते, तिचा रस रक्तात जातो आणि त्यावर मुलाची वाढ चालते. पण ही ग्रंथी मुळात गळ्यात तयार होतच नाही म्हणे. आईच्या पोटात मूल जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढं असतं, तेव्हा ती जिभेच्या मुळाशी उगवते. तिथून हळूहळू खाली उतरत दुसरा महिना सरता सरता श्वासनळीपुढे येऊन बसते. मेंदूखालच्या एका ग्रंथीचा पुढचा भाग तर उलट टाळ्यापासून वर चढत जातो!

"थायरॉइड उतरली की तिची वाट बुजून जाते," डॉक्टर म्हणाले. "हिची थोडी राहिली, त्यात पाणी साठलंय. वरचं टोक अजून जिभेला धरून आहे, म्हणून जिभेबरोबर हलते. दुखली, लाल झाली किंवा वाढली तर मुंबईला पाठवू, काढून टाकतील. पण पोरीला सगळ्यांत जेवू द्या."

तेव्हा कुठे कुसुमचं तोंड उघडलं. "मुलींना मी हेच दाखवत होते. माझी गाठ उडी मारते ते."

म्हणजे आईच्या आधी तिला ठाऊक होतं. "अगं, मग आम्हाला का नाही दाखवलंस?" मी विचारलं.

"जीभ काढल्याशिवाय कशी दाखवणार?"

मी डॉक्टरांचा कागद घडी घालून खिशात ठेवला.

घरी आल्यावर हे सगळं सांगितलं तर तिची आई रडायलाच लागली. कुसुमच्या वेळी दिवस राहिले असताना ग्रहणात तिनं भोपळा चिरला होता, आणि अडीच महिने ती मनातल्या मनात स्वतःला दोष देत होती. मी डॉक्टरांचा कागद तिच्यापुढे धरला. यात कुणाचाच दोष नाही, उतरताना वाट बुजायची राहिली इतकंच, असं चार वेळा समजावलं. मग डोळे पुसून ती पडवीतलं अंथरूण आत घेऊन आली.

संध्याकाळी कुसुमचं ताट दोघा भावांच्या मधे मांडलं. दोघं "दाखव, दाखव" म्हणून तिच्या मागे लागले. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं. जेवताना जीभ काढणं हे काही चांगलं वळण नव्हे, हे माझं मत आजही कायम आहे.

मग मीच आधी माझी जीभ बाहेर काढली. चांगली लांब.

अडीच महिन्यांनी पोर खळखळून हसली... त्या डॉक्टरांचे उपकार जन्मभर विसरणार नाही. छडी अजून शाळेत खुंटीला आहे, पण ती उचलण्याआधी "काय दाखवतेयस गं?" एवढं आता नक्की विचारीन.